मावशीचं दान

आमच्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्त्यांवर जुनी माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतात. रविवारी घंटा झाली की “चला देवळात” म्हणत सतरंजीवर एकीकडं बाया, एकीकडं बाप्ये बसतात. पेटी, तबला, झांजा असतात. नारायण वामन टिळकांची पदं म्हणताना म्हाताऱ्यांचे डोळे आपोआप मिटतात. उपासना म्हणजे आमच्याकडं असं ठरलेलं, धिम्या चालीचं काम. पाळकसाहेबांनी प्रार्थना करायची, लोकांनी आमेन म्हणायचं आणि घरी जाऊन भाकरी खायची.

१९९० नंतर बाहेरगावचे प्रचारक येऊ लागले. मंडप पडायचा, भोंगे लागायचे, रात्री उशिरापर्यंत सभा चालायची. कोणी हात वर करून रडायचं, कोणी धाडकन खाली पडायचं, कोणाच्या तोंडून न कळणारी भाषा निघायची. ते सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. दारूपायी घर धुळीला मिळवलेला एक गडी त्याच मंडपात ढसाढसा रडला आणि पुन्हा गुत्त्याकडं फिरकला नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण वर्षभरात आमच्या मंडळीची दोन शकलं झाली. एक आत्मा मिळालेल्यांचं, दुसरं न मिळालेल्यांचं. विहिरीवर बाया एकमेकींना विचारायच्या, “तुमच्यात कुणाला भाषा मिळाली का वो?” जिला मिळाली नव्हती ती मान खाली घालून घागर उचलायची.

त्याच दिवसांत नानाचं दुखणं निघालं. नाना माझा चुलता, ऊसतोडीला जाणारा. खोकला हटेना, संध्याकाळी अंग तापायचं, माणूस वाळत चालला. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, तर टीबी. सहा महिन्यांचा उपचार, आठवड्यातून तीन दिवस गोळ्या. शिवाय गोळी रोग्याच्या भरवशावर सोडायची नाही, कोणीतरी समोर बसून गिळायला लावायची. नर्सबाईंनी विचारलं, “हे काम कोण करणार?” काकू दिवसभर रोजंदारीला, पोरं लहान. तेव्हा मावशी म्हणाली, “द्या माझ्यापाशी.”

मावशी म्हणजे सगळ्या वस्तीची मावशी. विधवा बाई, सत्तरीला टेकलेली, अक्षरओळख नाही. प्रार्थनेची पाळी तिच्यावर आली की दोनच वाक्यं म्हणायची, “देवा, समद्यांना संभाळ. कुणाला उपाशी ठिवू नको. आमेन.” लोक हसू दाबायचे. ठरलेल्या दिवशी सकाळी ती तांब्या घेऊन नानाच्या दारात हजर. नानानं गोळ्या गिळल्या की त्याला तोंड उघडायला लावायची, आत बघायची आणि कार्डावर फुली मारायची. लिहिता येत नव्हतं, फुली येत होती.

दीड महिन्यात नानाचा ताप उतरला, खोकला कमी झाला, भाकरी गोड लागू लागली. आणि नेमकी तेव्हाच सभा आली. प्रचारकानं नानाच्या डोक्यावर हात ठेवला आणि भोंग्यातून जाहीर केलं की हा माणूस बरा झाला. आता औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास. नाना रडला. सगळ्यांसमोर त्यानं साक्ष दिली. ती साक्ष त्याच्या परीनं खरीच होती. अंगाला बरं वाटतच होतं. पण टीबीत बरं वाटणं आणि बरं होणं यात काही महिन्यांचं अंतर असतं. गोळी मधेच सोडली तर आत उरलेले जंतू पुन्हा उठतात, आणि तेव्हा तीच औषधं त्यांना बधत नाहीत अशी भीती असते.

मावशी तांब्या घेऊन आली. नाना म्हणाला, “मावशी, आता गोळी घेतली तर मी मंडपात खोटं बोललो असं व्हईल. माझा विश्वास कमी पडला म्हणतील.” मावशी काही बोलली नाही. उंबऱ्याशी घटकाभर बसली आणि परत गेली. पुढच्या खेपेला तसंच. तिसऱ्या खेपेला तसंच. काकू चुलीपाशी पदरानं डोळे पुसायची, पण देवाच्या माणसाविरुद्ध कोण बोलणार?

चौथ्या खेपेला मावशी म्हणाली, “नाना, देवाला तुला बरं करायचं असंल तर त्यो गोळी खाऊन बी करील. त्याला काय गोळीचं वावडं हाय का? तुझी साक्ष खोटी न्हाई, अर्धी हाय. सहा म्हयन्यांनी पुरी कर.”

नानानं हात पुढं केला.

तिच्या बोलण्याला पवित्र शास्त्राचा केवढा आधार होता, हे मला पुढं स्वतः वाचताना कळलं. करिंथच्या मंडळीतही हेच भांडण होतं, कोणाचं दान मोठं, कोणाचं लहान. पौलानं त्यांना कळवलं की दानं अनेक असली तरी आत्मा एकच, आणि ती दिली जातात ती सगळ्यांच्या भल्यासाठी. न कळणाऱ्या भाषेतल्या हजारो शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द त्याला बरे वाटत होते. पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात त्यानं यादी दिली आहे. तिच्यात चमत्कार आहेत, रोग बरे करणं आहे, अन्य भाषाही आहेत. आणि त्यांच्याच ओळीत मदत करणारेही आहेत. त्या शब्दावर आमच्याकडं प्रवचन झालेलं मला आठवत नाही.

ज्या पौलाच्या हातून रोगी बरे झाले, त्याला त्रफिम नावाच्या सोबत्याला मिलेतात आजारीच ठेवून पुढं जावं लागलं. तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी तो थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. त्याच्याबरोबर लूक होता, तो वैद्य होता. पौलाच्या स्वतःच्या शरीरातला काटा तर तीनदा विनवणी करूनही निघाला नाही. यांचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

मावशीकडं हे शहाणपण कुठून आलं असेल? तिची आई दुष्काळात पोरकी होऊन दौंडजवळच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात वाढलेली. १९०५ साली तिथं मोठं उज्जीवन झालं. मुली तासन् तास रडत प्रार्थना करायच्या, काहींच्या तोंडून अनोळखी भाषा निघायच्या. मावशी आईचं ऐकलेलं सांगायची, “रातभर परार्थना झाली तरी सकाळी जात्यावर बसावंच लागायचं. आंधळ्या पोरींना हाताला धरून न्यावंच लागायचं.” आणि खुद्द रमाबाई? हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत बायबल उतरवत बसल्या होत्या. १९२२ साली वारल्या तोवर तेच काम चाललं. ज्या आवारात न कळणाऱ्या भाषा उमटल्या, त्याच आवारातल्या छापखान्यात मुक्तीच्या बायकांनी ते कळणारं बायबल छापलं. उज्जीवन खरं की खोटं याची पारख मला तरी सकाळच्या त्या जात्यापाशी दिसते.

सहा महिने भरले. थुंकी पुन्हा तपासली, साफ निघाली. रविवारी नाना उभा राहिला. भोंगा नव्हता. म्हणाला, “म्या मागं अर्धी साक्ष दिली व्हती. देवानं मला बरं केलं, ते मावशीच्या हातानं अन् दवाखान्याच्या गोळीनं.” सतरंजीच्या दोन्ही बाजूंनी आमेन आलं, आत्मा मिळालेल्यांकडूनही. मावशी मागं भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, एवढंच.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडं सभा अजून होतात, आता मोबाइलवरही दिसतात. कोणी मला विचारतं, अमक्याला खरंच दान मिळालंय का? मी म्हणतो, मंडप उठल्यावर तो कुणाच्या दारात जातो ते बघा.

नाना अजून आहे. मावशीच्या माघारी त्यानं वस्तीवरच्या दोन रोग्यांना समोर बसून गोळ्या दिल्या. त्यातला एक आमच्या मंडळीतला नव्हता, वरच्या आळीतला माळकरी म्हातारा होता. नाना सकाळी तांब्या घेऊन निघायचा. म्हाताऱ्याची हरिपाठाची ओळ पुरी होईस्तोवर दारात थांबायचा, आणि मग म्हणायचा, “बाबा, आ करा.”