बर्फातली हजेरी

परभणीस राहून बर्फाविषयी लिहावयास बसणे म्हणजे मारवाडात राहून होडीचे गुणदोष सांगण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. वैशाखात आमच्या गावी पारा चव्वेचाळिशीच्या आसपास घुटमळतो. आणि थंडीची फुशारकी मारावयाचीच झाली, तर एखाद्या पौषात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत तो पाच अंशांखाली उतरला, ही बातमी आम्ही चार दिवस चहाबरोबर चघळतो. एरवी आमचा बर्फ म्हणजे रसवंतीच्या दारात गोणपाटाखाली पाझरत पडलेली लादी, आणि 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्याची हाताशी आलेली रब्बी झोडपून गेलेल्या गारा. तिसरा बर्फ आम्ही वर्गात शिकवितो. इंग्रज कवींच्या हिमवर्षावाचा अर्थ ‘जणू पिंजलेला कापूस’ असा आम्ही अठ्ठावीस वर्षे सांगत आलो, आणि कापसाच्या मुलखातील मुलांना तो तत्काळ पटतही आला.

ही उपमा गेल्या दिवाळीत आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने मोडून टाकली. गृहस्थ जिंतूर तालुक्यातला. बी. ए. चे दुसरे वर्ष अर्ध्यावर टाकून तो सीमा सडक संघटनेत गेला, आणि आज झोजी घाटात डोझर चालवितो. रजेवर आला की आईला घेऊन आमच्या घरी येतो. फराळ चालू असता आम्ही सहज विचारले, “काय रे, तो कापूस पाहून मन हरखून जात असेल!” तो म्हणाला, “सर, दिसतो कापूस. पण फावड्यावर घेतला की वाळू होते.”

आम्हास वाटले, काव्य करतो आहे. पण त्याने हिशेबच मांडला. ताज्या भुसभुशीत हिमाचा एक ब्रास अडीच-तीनशे किलो भरतो. तेच हिम वाऱ्याने दडपले, उन्हाने ओलावले आणि रात्री पुन्हा गोठले, की एका ब्रासचा भार टनावर जातो. कड्यावरून खाली आलेला लोंढा थांबताक्षणी सिमेंटसारखा घट्ट बसतो, आणि गाडला गेलेला मनुष्य स्वतःचे बोटदेखील हलवू शकत नाही. कापसाच्या गंजीखाली सापडलेल्या मजुराची गोष्ट आमच्या मानवत-सेलूकडील वाचकांस नवी वाटू नये; मऊ पदार्थास वजन नसते हा भ्रम तेथेही घातकच ठरतो.

“मग तुमचा मोठा शत्रू थंडीच ना?” आम्ही विचारले. तो हसला. “घाम, सर.” आवेशाने उपसू लागावे, आतले कपडे भिजावेत, आणि विसाव्यास थांबताच तो ओलावा अंगातली ऊब शोषून घेतो. म्हणून जुनी माणसे सावकाश काम करतात, फावडे अर्धेच भरतात आणि उचलण्यापेक्षा ढकलतात. डोळ्यांवर काळा चष्मा हवाच. बर्फावरून उलटलेल्या उन्हाने बुबुळे भाजतात, आणि ते कळते संध्याकाळी, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे झाले म्हणजे. बर्फ उडविणाऱ्या यंत्राच्या तोंडात गोळा अडकला तर इंजिन बंद केल्यावरही तेथे हात घालावयाचा नाही. पात्यांत ताण शिल्लक असतो, आणि गोळा सुटताच ती एक फेरा घेतात. यंत्राची धुराची नळी बर्फाने बुजली अथवा बंद खोलीत शेगडी रात्रभर जळत राहिली, तर मनुष्य झोपेतच जातो. त्या विषारी वायूला वासही नसतो.

येथे थोडे विषयांतर करून आमच्या वाचकांतील कित्येक आईबापांस सांगितले पाहिजे की, अमेरिकेत किंवा कॅनडात मुलाकडे गेल्यावर अंगणातील बर्फ उपसण्याची हौस त्यांनी आवरावी. थंडीने रक्तवाहिन्या आखडतात. फावडे उचलताना आपण नकळत दम रोखतो. रक्तदाब एकाएकी चढतो. दर मोठ्या हिमपातानंतर तिकडे हृदयविकाराने जी माणसे जातात, त्यांत खुर्चीत बसून पोट वाढविलेली, आमच्याच वयाची मंडळी पुष्कळ असतात.

झोजी घाटाची उंची 3,528 मीटर. श्रीनगरहून लेहकडे जाणारा हा रस्ता पूर्वी हिवाळ्यात सुमारे सहा महिने बंद असे. 2025 साली तो अवघ्या 32 दिवसांत पुन्हा खुला झाला. वृत्तपत्रांत हे वाचून आम्हासही अभिमान वाटला होता. परंतु आमच्या विद्यार्थ्याने सहज म्हणून सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. पूर्वी बर्फ वितळू लागल्यावर माणसे वर चढत. आता ती ऐन फेब्रुवारी-मार्चात, कडे लादलेले असता, खाली उभी असतात. वाचलेल्या दिवसांचे मोल कोणीतरी दुसराच चुकवीत असतो.

त्याच वर्षी, 28 फेब्रुवारीच्या पहाटे, बदरीनाथापलीकडे माणा गावाजवळ रस्त्यावरील बर्फ काढणाऱ्या मजुरांच्या तळावर हिमलोट कोसळला. इशारा आदल्या दिवशीच निघालेला होता. माणसे लोखंडी खोक्यांच्या घरांत झोपली होती. त्या खोक्यांत कोंडलेल्या हवेनेच पुष्कळांना वाचविले. बर्फाखाली पाव तासाच्या आत उकरून काढलेला मनुष्य बहुधा जगतो, अर्ध्या तासानंतर क्वचितच, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हवेची किंमत कळते. अखेरीस 46 वाचले, 8 गेले. पण आम्हास चटका लावून गेली ती निराळीच गोष्ट. गाडलेले किती, हा आकडाच प्रथम लागेना. आधी 57 म्हणाले, मग 55, शेवटी 54. एक जण कोणास न सांगता आपल्या घरी निघून गेला होता. बर्फात शोध घेणाऱ्यांनी थांबावे केव्हा, हे त्या एका आकड्यावर ठरावयाचे होते.

“म्हणून मी आमच्या टोळीची हजेरी दोनदा घेतो, सर,” तो म्हणाला. “निघताना एकदा आणि धोक्याचा उतार ओलांडल्यावर एकदा. ओलांडताना एकानेच चालायचं. बाकीच्यांनी नजर त्याच्यावरच ठेवायची. पुढचा पोचल्याशिवाय मागच्यानं पाऊल टाकायचं नाही.”

आम्ही गप्प राहिलो. त्यास कारण होते. हाच गृहस्थ आमच्या वर्गात असता त्याच्या नावाला दुसराच कोणी तरी ‘येस सर’ म्हणे, हे आम्हास पक्के ठाऊक होते. आणि आम्ही बुद्ध्याच मान वर न करता त्याच्या नावापुढे खूण करीत असू. भांडण नको, वरचे कागद नीट जावेत, एवढाच आमचा हिशेब. त्या दोन वर्षांत हा मुलगा नेमका कोठे होता, हे आम्ही कधी विचारले नाही. त्या दिवशी विचारले. तो क्षणभर थांबून म्हणाला, “जिनिंगवर, सर. दादा आजारी होते ना.”

त्याची आई इतका वेळ भिंतीशी बसून ऐकत होती. जानेवारी 2017 मध्ये काश्मीरच्या माच्छिल भागात बर्फाखाली सापडलेले पाच जवान जिवंत बाहेर काढले गेले, आणि 30 जानेवारीस पाचही जण दगावले. त्यांत एक आमच्या परभणी जिल्ह्याचा होता. ती बातमी त्या माउलीने तेव्हा ऐकली होती, आणि तिच्या दृष्टीने बर्फ म्हणजे तेवढेच. ती आम्हास म्हणाली, “सर, हा समद्यांची हजेरी घेतो म्हणतो. मग ह्याची कोण घेतं?”

त्याने हसून “आहे ना गं माय, मागं हवालदार असतोय की,” असे काही सांगितले. तिचे समाधान झालेले दिसले नाही. आमचेही झाले नाही. भाऊबीज होताच तो सचखंड एक्सप्रेसने गेला. आम्ही स्टेशनवर गेलो होतो.

सुट्टीनंतर कॉलेज उघडले. हजेरी घेता घेता सदतिसाव्या क्रमांकाला मागच्या बाकांवरून एकदम दोन आवाज आले. आम्ही लेखणी खाली ठेवली, मान वर केली आणि पहिल्या बाकापासून माणसे मोजू लागलो. खुणा एकसष्ट होणार होत्या. माणसे त्रेपन्न होती.