कोणाचं वाजून रायलं?

मे महिन्यातल्या दुपारी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या कुठल्याही सरकारी कचेरीत लाइन गेली, की आधी कूलरची घरघर उतरते. पंखे उरलेल्या वेगावर दोन-चार फेरे घेऊन थांबतात आणि मग टेबलांखालून एकेक यूपीएस बोलायला लागतो. एक जण ठरावीक वेळाने टूं करतो, पलीकडचा त्याला साथ देतो, आणि ज्याची बॅटरी केव्हाच खचली आहे तो मध्ये श्वासही न घेता किंचाळतो. ‘कोणाचं वाजून रायलं हो?’ असं कुणीतरी विचारतं. उत्तर कुणी देत नाही; विचारणाऱ्यालाही ते नको असतं. लाइन येते, कूलर पुन्हा धरतो, बाकीचे आवाज थांबतात, आणि त्या खचलेल्या बॅटरीचा तेवढा अधूनमधून चालू राहतो, आठवडाभर, कधी महिनाभर. हा आवाज बंद करून टाकावा काय? माझं उत्तर ‘हो’ असं आहे, पण त्यामागचं कारण डोकं दुखतं एवढंच नाही. इशारा म्हणून वाजणारी गोष्ट ज्याच्या कानाशी वाजते, त्याला त्यावर काही करण्याची मुभा असली पाहिजे. ती नसेल तर त्या आवाजाने कुणी सावध होत नाही, फक्त ऐकून सोडून द्यायची सवय मुरते.

यंत्राने माणसाला हाक मारण्याची रीत मुळात वाईट नव्हती. मराठी टंकलेखन शिकलेल्या कुणालाही विचारा: ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी किणकिणायची, थोडीच अक्षरं उरली आहेत हे बोटांना कळायचं आणि डावा हात कॅरेज मागे सारायचा. घंटी ज्याच्यासाठी वाजली त्यानेच ती ऐकली आणि पुढचं कामही त्यानेच केलं, तेही घंटी विरायच्या आत. टेलिप्रिंटरची घंटाही अशीच नेमकी होती. दूरच्या टोकाला बसलेला ऑपरेटर यंत्रापासून उठून गेला असेल तर त्याला परत बोलवायला ती असे. १९६३ साली अमेरिकेत आस्की संकेतावली ठरली तेव्हा सातवा संकेत या घंटेसाठीच राखून ठेवला गेला, आणि आजच्या संगणकातही तो आपल्या जागी आहे. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीत बीप काढायला एक लहानसा स्पीकर होता. खोलीत एक यंत्र आणि त्याच्यापुढे एक माणूस, अशा काळात हे सगळं शोभून दिसत होतं. कचेरीच्या एका दालनात डझनभर टेबलं लागली, प्रत्येकाखाली यूपीएस, वर संगणक, बाजूला प्रिंटर आणि दाराशी हजेरीचं बोट-यंत्र आलं, तेव्हा आवाजांची संख्या वाढली; ते कुणासाठी आहेत हे मात्र नव्याने कुणी ठरवलं नाही.

कुणी म्हणेल, वऱ्हाडातला कूलर काय कमी आवाज करतो? वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपतं, पंखा विमानासारखा घोंगावतो, आणि त्याच्या पुढ्यात बसून लोक फायलींचा ढीग उपसतात. मग इवल्याशा टूंचा एवढा जाच का? कारण कानाचं गणित मोठ्या-लहानाचं नसतं. सलग आवाज थोड्या वेळाने मागे पडतो, कूलर काही मागत नाही. बीप दर वेळी नव्याने सुरू होते, म्हणून दर वेळी लक्ष ओढते. शिवाय यूपीएससारख्या यंत्रांत बसवलेली पिझोची टिकली साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो तो याच पट्ट्यात. त्यातही गंमत अशी, की याच पट्ट्यातला साधा, सपाट स्वर नेमका कुठून येतो हे ओळखायला कानाला सगळ्यात कठीण जातं. खालच्या स्वरांत दोन कानांवर आवाज पोचण्यातल्या वेळेचा फरक उपयोगी पडतो, वरच्या स्वरांत डोक्याच्या आडोशाने पडणारा जोराचा फरक. मधल्या पट्ट्यात दोन्ही लंगडे पडतात. म्हणजे आवाज चुकवता येत नाही आणि शोधताही येत नाही. ‘कोणाचं वाजून रायलं’ हा प्रश्न आळसातून आलेला नाही, तो शरीररचनेतून आला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी व्यापारी भागासाठी दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ते मोजमाप जोराचं आहे. टेबलाखालची टूं त्यात कधीच सापडणार नाही.

आता त्या आवाजाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तो खोटं बोलत नाही. यूपीएसमधली शिसं-आम्लाची बॅटरी २५ अंश सेल्सिअस धरून आखलेली असते, आणि त्यावर साधारण दर दहा अंशांमागे तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. अकोल्याचा पारा ४७ अंशांपलीकडे गेलेला आहे. एसी साहेबांच्या दालनात असतो; बॅटऱ्या कारकुनांच्या टेबलांखाली, धुळीत, भिंतीला टेकून. पुण्यात जी बॅटरी निवांत चालेल ती इथे लवकर दम टाकणार, यात नवल नाही. विजेची गोष्ट तर चमत्कारिकच. अकोला जिल्ह्यात पारसला अडीचशे मेगावॉटचे दोन संच आहेत, अमरावतीजवळ नांदगावपेठेला १३५० मेगावॉटचं खासगी केंद्र उभं आहे, आणि त्याच जिल्ह्यांत डीपी जळाली किंवा वादळाने तार तुटली की यूपीएस कोकलू लागतात. वीज तयार कुठे होते याचा आणि शेवटच्या खांबापर्यंत ती कशी पोचते याचा फारसा संबंध नसतो, हे भारनियमनाची वर्षं काढलेल्या वऱ्हाडाला सांगायला नको. तेव्हा टेबलाखालचा तो लहानसा आवाज उन्हाबद्दल, तारांबद्दल, बॅटरीबद्दल खरी बातमी देतो. बातमी खरी आहे, ती पोचते भलत्याच्या कानावर, एवढंच.

कारण ती ऐकतो कारकून, आणि त्याला बॅटरी घेता येत नाही. त्याने टिपणी लिहायची, ती कचेरीचा पैसा-सामान बघणाऱ्या नाझर शाखेत जायची, तिथे सादिलवार खर्चात रक्कम शिल्लक आहे का ते बघायचं, जुनं यंत्र कुठल्या साली जडवस्तू नोंदवहीत चढलं ते काढायचं, दुरुस्ती परवडते की निर्लेखन करायचं ते ठरायचं, दरपत्रकं मागवायची. या प्रत्येक पायरीला अर्थ आहे. सरकारी पैसा आहे, उधळून चालत नाही. पण या वाटेवर ज्यांची सही लागते त्यांपैकी एकाच्याही कानाशी ती टूं वाजत नाही. काही लहान यूपीएसचा आवाज समोरचं बटण दाबून गप्प करता येतो, आणि पुष्कळ ठिकाणी तो शेवटी तसाच गप्प होतो, कुणी न सांगता. त्याची नोंद कुठल्या वहीत होत नाही. चूक असलीच तर ती इथे आहे.

संगणकाच्या पोटातून येणारे आवाज निराळे, आणि त्यांच्याबाबतीत मी आणखी निष्ठुर आहे. मराठी इन्स्क्रिप्टमध्ये टाइप करताना ख, थ, ध, भ ही सगळी अक्षरं शिफ्ट दाबून येतात. खरेदी, थकबाकी, धनादेश, भरपाई: कापसाच्या या मुलखातल्या कचेरीची निम्मी भाषा शिफ्टवरच उभी आहे. आणि विंडोजमध्ये उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज नावाची सोय जागी होते, टूं वाजते आणि पडद्यावर एक खिडकी उघडते. पुढचा शब्द आठवत बोट तसंच ठेवून थांबलेल्या माणसाला हे काय झालं ते कळत नाही. तो एंटर मारतो, आणि मग भरभर दाबलेली अक्षरं यंत्र गिळू लागतं. ही सोय ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी केलेली आहे. कॅप्स लॉक दाबल्यावर वाजणारा स्वर ज्यांना दिवा दिसत नाही त्यांच्यासाठी आहे. इथे आक्षेप रास्त येतो: आवाज सरसकट बंद केले तर दृष्टिहीन कर्मचाऱ्याने काय करायचं? त्याचे आवाज त्याच्याच संगणकावर, त्याच्या हेडफोनमध्ये, एकही कमी न करता चालू ठेवायचे. बाकीच्या यंत्रांवर कंट्रोल पॅनेलमधून ही आडवाट बंद करायची. ज्याला गरज आहे त्याला आवाज मिळावा आणि ज्याला नाही त्याला मिळू नये, यात विरोध कसला? एक्सपीच्या काळात बीप थेट मदरबोर्डवरच्या स्पीकरमधून यायची आणि आवाजाचा सरकपट्टा कितीही खाली ओढला तरी तिला ढिम्म फरक पडायचा नाही. लोक झाकण उघडून तारच उपसत. विंडोज ७ पासून ती साउंड कार्डातून येते, तेव्हा तेवढी शस्त्रक्रिया आता लागत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट होऊन अकरा माणसं गेली. तिथल्या इलेक्ट्रॉनिक तंत्रज्ञाने चौकशीत सांगितलं, की खोट्या इशाऱ्यांनी रात्री लोकांची झोप मोडू नये म्हणून सर्वसाधारण भोंगा आपोआप वाजणार नाही असा ठेवलेला होता. आवाज बंद करणाऱ्याला याहून कडक उत्तर कोणतं? पण त्याच्या शेजारी दुसरी घटना ठेवावी लागते. जुलै १९९४ मध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा आधीच्या जवळपास अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ इशारे वाजले होते. त्यांतला कामाचा कोणता ते कुणाला कळलं नाही. पहिल्या घटनेतही भोंगा मुकाट करण्याची पाळी आली ती आधी खोट्या हाका फार झाल्या म्हणून. जिथे जीव जाऊ शकतो तिथला आवाज माझ्या बोलण्यात येतच नाही: आगीचा इशारा, लिफ्टची घंटा, अमरावतीच्या इर्विन रुग्णालयातल्या खाटेशेजारचं यंत्र. उलट त्यांना ऐकू जायला जागा हवी असेल तर भोवतालचा फालतू गलबला आधी कमी केला पाहिजे.

राहता राहिला तो आक्षेप जो वऱ्हाडात हमखास ऐकायला मिळतो: इथे शेतकरी कर्जाखाली दबून जीव देऊन रायले आणि तुम्हाले टूंची पडली. बरोबर आहे, तराजूत या दोन गोष्टी ठेवायच्याच नाहीत. तरी एवढं म्हणायला हरकत नसावी, की त्या शेतकऱ्याचा भरपाईचा अर्ज ज्या पडद्यावर चढतो, त्याच्यासमोरचा माणूस सकाळपासून एक खरी तक्रार ऐकून न ऐकल्यासारखी करत बसलेला असतो, आणि त्याला तसं बसायला आपणच लावलेलं असतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी प्रत्येक बॅटरीवर ती बसवल्याचा महिना खडूने नाही, न पुसणाऱ्या पेनाने लिहायचा आणि त्याची यादी नाझराकडे द्यायची. मग आवाजाचं बटण दाबायचं. बॅटरी बदलायची ती मे महिन्यात कोकलल्यावर नाही, मार्चमध्ये, ऊन चढायच्या आत. तो महिना योगायोगाने सोयीचाही आहे. ३१ मार्चच्या तोंडावर अखर्चित रक्कम परत जाऊ नये म्हणून कचेऱ्यांत खुर्च्या येतात, पडदे येतात, कधी कधी कुणी न मागितलेली कपाटंही येतात.