पीटीओ आणि पदर

मंडळी, आज जरा वेगळा विषय. अण्णांना ट्रॅक्टरमधलं काय कळतं, असं घरातले म्हणतीलच. मला तो चालवता येत नाही हे खरं, पण जन्मभर पोरांना गणित शिकवलंय, तेव्हा हिशेब तरी मांडू द्या.

पुतण्याने द्राक्षबागेसाठी २४ हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर घेतला आहे. दिसायला अगदी खेळण्यासारखा, त्यामुळे कुणाला त्याची भीतीच वाटत नाही. मागच्या बाजूला एक खाचांचा दांडा असतो, तो पीटीओ. त्याला शाफ्ट जोडली की ब्लोअर म्हणा, रोटाव्हेटर म्हणा, इंजिनाच्या जोरावर चालतो. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टची जाडी ३ इंच धरली तर परीघ झाला साधारण २४ सेंटिमीटर. एका सेकंदात दोन मीटरहून जास्त कापड ती गुंडाळणार! सुटलेला पदर मीटरभर धरा. अर्धा सेकंदही पुरे. तेवढ्यात माणसाच्या तोंडून 'अरे' निघत नाही, क्लच दाबायला कोण धावणार?

म्हणूनच शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर असतं. आत शाफ्ट फिरते, कव्हर फिरू नये म्हणून त्याला छोटी साखळी. आमच्या भागात बरीच कव्हरं पहिल्याच हंगामात गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडतात. कारण काय, तर ग्रीस मारायला अडचण होते! असो.

खरी गडबड ऑक्टोबर छाटणीनंतर. आभाळ आलं की डावणीची धास्ती, मग रात्री दोनलासुद्धा फवारणी. कुणाची झोप झालेली नसते. नोझल तुंबलं की गडी तसाच खाली उतरतो, मागे सगळं चालू. टाकीतलं औषध ढवळलं जावं म्हणून भरतानाही पीटीओ चालू, आणि सूनबाई बादली घेऊन शाफ्टच्या शेजारी उभी. साडीवर जुना शर्ट घालतात बायका, तो चांगलाच, पण बटणं लावलेली हवीत. स्कार्फची टोकंही आत खोचलेली हवीत.

पुतण्याला म्हटलं, "पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. शाफ्ट थांबलेली डोळ्यांनी बघायची, मगच हात लावायचा." किल्ली खिशात अशासाठी, की दुसरा कुणीतरी मदत म्हणून सीटवर चढतो आणि चालू करून टाकतो.

तो म्हणाला, "अण्णा, असं करत बसलो तर सकाळपर्यंत बाग व्हायची नाही."

"एका रात्रीत किती वेळा नोझल तुंबतं?"

"चार-पाच वेळा."

"प्रत्येक वेळी दोन मिनिटं धर."

दहा मिनिटं. उत्तर त्याने मनातल्या मनात काढलं असावं, कारण पुढे काही बोलला नाही. (रोटाव्हेटर उंच उचलायच्या आधी पीटीओ काढावा, नाहीतर जॉइंट कडकडतो, हे मात्र त्यानेच मला शिकवलं. तिथे तो गुरुजी!)

कव्हर परत बसवलं आहे. ते मागे सरकवून ग्रीस कसं मारायचं, हे मेकॅनिकने दाखवलं. साखळी मात्र हरवली आहे. पुतण्या म्हणतो, सुतळी बांधू. मी नको म्हटलं. रविवारी पिंपळगावला जाणारच आहे, तेव्हा साखळी घेऊन येतो.