बुडाखालचं घबाड

होडीतलं बाक उघडता येतं! हे मला आधी कुणी का सांगितलं नाही? मिनेसोटात दहा एकरांहून मोठी 11,842 तळी मोजलेली आहेत. ॲल्युमिनियमच्या होड्यांमधली लुंड, अलुमाक्राफ्ट ही नावंही इथलीच, दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच उभी राहिलेली. अशा मुलखात राहून मी चौदा फुटी होडीत लाईफ जॅकेटं, नांगर, दोर, गळांची पेटी आणि पोह्यांचा डबा पायांत घेऊन बसत होतो. मासा लागला की उठायचं कसं? पाय ठेवायला जागाच नाही. आणि बुडाखाली चार फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच पत्र्याची पेटी! आपल्याकडच्या दिवाणात अख्ख्या घराच्या गोधड्या मावतात की हो!

पण पेटी रिकामी नसते, आणि खरी गंमत तिथेच आहे. आत फोम ठासलेला असतो. एक घनफूट फोम साधारण 27 किलोचा भार पाण्यावर तोलून धरतो. आउटबोर्ड इंजिनाची, 20 फुटांहून लहान होडी पाण्याने भरली तरी माणसांसकट सपाट तरंगत राहिली पाहिजे, असा अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा बांधणाऱ्यांसाठी नियम आहे. म्हणजे ज्याच्यावर आपण बसतो तेच आपल्याला वाचवणार! वर हेच बाक दोन्ही कुशींना आडवा आधारही देतं. ते उपटून काढलं तर होडी लाटेवर पिळवटेल.

म्हणून मधलं बाक अर्धंच उघडलं. वरच्या पत्र्याला चारी बाजूंनी दोन-दोन इंच कड राखली, जिगसॉ चालवला, धारेवर कानस फिरवली, कडेखाली ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेटने ठोकली. झाकणाला स्टेनलेसची लांब सलग बिजागरी. (झाकणाखाली लाकूड घालायचं असेल तर किडीसाठी तांब्याचं औषध मुरवलेलं नको, ओल लागली की ते ॲल्युमिनियम खात सुटतं.) आतला जुना फोम पाणी पिऊन दगड झाला होता! तो काढून उरलेल्या अर्ध्यात गुलाबी एक्सपीएस फोमचे तक्ते कापून घट्ट बसवले.

मोकळ्या केलेल्या दोन घनफुटांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा हिशेब चुकवायला हवाच. तेवढे तक्ते दुसरीकडे लावायचे, पण तळाशी नव्हे! फोम खाली असला तर पाणी भरलेली होडी उलटायला बघते. वर, काठाखाली, दोन्ही अंगांना असला तर सरळ राहते. हे कळलं त्या रात्री मला झोप येईना. काठाखालच्या त्या पोकळीकडे एरवी कोण बघतं?

आता पेटीत दोर, नांगर, पावसाळी जाकिटं, डबा, सगळं गुडूप! लाईफ जॅकेटं मात्र अंगावर किंवा हाताशी, झाकणाखाली कधीच नाही. पेट्रोलची टाकीही नाही; बंद जागेत वाफ साठते.

पुढच्या बाकावर खडूने रेघा मारून झाल्या आहेत. बायकोला झाकणावर गादी हवी आहे, मिळेल! मागच्या बाकाला मात्र हात लावायचा नाही. इंजिन तिथे, चालवणाराही तिथेच. सगळा भार त्या टोकाला, तेव्हा तिथला फोम जागचा हलता कामा नये.