फलाटावरची माणसे

मोठमोठ्या विमानतळांवर बसून माणसे न्याहाळण्याची मौज काही औरच, असे परदेशी जाऊन आलेले आमचे एक स्नेही नेहमी सांगतात. असेल बुवा! पण गौरी-गणपतींच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ज्याने रत्नागिरी स्टेशनच्या फलाटावर दोन तास काढले, त्याने विमानतळाचा हेवा करू नये. आणि दोन तास निघतातच. कारण गाडी चुकेल या धास्तीने कोकणी माणूस तेवढा आधी येऊन बसतोच.

येथे माणूस ओळखावा तो सामानावरून. चाकरमानी येतो तेव्हा हाती नव्या कपड्यांच्या आणि मिठाईच्या पिशव्या असतात. जाताना गोणत्यात नारळ, डब्यात आमसुले, पुरचुंडीत कुळथाचे पीठ. सूनबाई “एवढं कशाला?” म्हणत असतात आणि सासूबाई आणखी एक नारळ पिशवीत कोंबत असतात.

पूर्वी मुंबईकर रत्नागिरीला बोटीने येई. पावसाळ्यात बोटी बंद. १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळुरापर्यंत सलग सुरू झाली. मुंबईहून येताना रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा, पलीकडे पानवलचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल. डोंगर फोडले, दऱ्या ओलांडल्या, येणे सोपे झाले. पण जाणेही तितकेच सोपे झाले, हे फलाटावर बसल्यावर कळते.

माझ्या बाकावर एक आजी मुलाला पोहोचवायला आल्या होत्या. मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता, “आई, आता तरी चल मुंबईला. एकटी कशी राहशील?”

“आणि तिन्हीसांजेला घरात दिवा कोण लावील रे?” आजी म्हणाल्या.

मुलाकडे उत्तर नव्हते. गाडी आली, एकच धांदल उडाली, गोणती खिडकीतून आत गेली. गाडी हलली तरी आजी हात हलवीतच होत्या.

त्याच गाडीत मीही होतो. आई गेल्यापासून आमच्या गावच्या घराला कुलूप असते. मी उगाचच खिशातली किल्ली चाचपून पाहिली.

यंदा दिवाळीत दोन दिवस का होईना, जाऊन येईन म्हणतो. पणत्या तेथेच फडताळात असतील.