डॅन्यूबच्या काठाने

व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा, रेल्वेने जेमतेम तासाभराचं अंतर. देश बदलला, पण पासपोर्ट कुणी विचारला नाही. लंडनमध्ये राहूनही भारतीय पासपोर्टमुळे शेंगेन व्हिसासाठी कागदांची भेंडोळी जमवणाऱ्या मला याची गंमतच वाटली. ब्रातिस्लाव्हा अर्ध्या दिवसात उरकलं. किल्ल्यावरून नदी छान दिसते, एवढंच.

बुडापेस्टला मात्र पाय रेंगाळले. १८४९चा साखळीपूल ओलांडून बुडाहून पेस्टला आलो. संसदेजवळ काठावर लोखंडी बुटांच्या साठ जोड्या मांडल्या आहेत. १९४४-४५च्या हिवाळ्यात हंगेरीच्याच फॅसिस्टांनी ज्यूंना बूट काढायला लावून इथे काठावर गोळ्या घातल्या. या जोड्यांत लहान मुलांचेही बूट आहेत. शेजारी कुणी हसत सेल्फी काढत होतं. चीड आली. जेवायची इच्छा नव्हती, पण थंडी मरणाची. लसूण चोळलेला गरम लांगोश, म्हणजे तळलेली पुरीच, उभ्या उभ्या संपवला.