जमीन संपते तिथलं घर

घरांची नावं वाचत चालायची मला जुनी खोड आहे. 'मातृछाया', 'श्रमसाफल्य'. पाटी वाचली की आत फेडलेले हप्तेही दिसतात. कार्ल निल्सन या डॅनिश संगीतकाराने पन्नाशी ओलांडल्यावर, १९१८ मध्ये घेतलेल्या उन्हाळी घराचं नाव मात्र 'फिनिस टेरी'. लॅटिनमध्ये, जमिनीचा शेवट. असल्या पाटीखाली रोज चपला काढायच्या म्हणजे छाती हवी.

घर स्केगनला. डेन्मार्कच्या उत्तर टोकाचं हे कोळ्यांचं गाव. पुढे नुसती वाळूची जीभ, आणि तिच्या टोकाशी स्कागेराक आणि काटेगाट हे दोन समुद्र समोरासमोर येऊन भिडतात. एकेक पाय एकेका समुद्रात ठेवून लोक फोटो काढतात. मीही काढेन.

पण मन अडकलं ते तिथल्या चर्चपाशी. झाडंझुडपं तुटली, गुरांनी गवत खाल्लं आणि मोकळी सुटलेली वाळू वाऱ्याबरोबर गावावर चालून आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस चर्चचं दार गाठायचं तर आधी वाळू उपसावी लागे. कुणाच्या हाती प्रार्थनेचं पुस्तक असेल, कुणाच्या हाती फावडं. पुण्य नेमकं कोणाच्या खात्यावर जमा होत असेल? माझं मत फावड्याला. दर रविवारी उपसायचं, आठवडाभरात वाळूने पुन्हा भरून काढायचं. अखेर १७९५ मध्ये चर्च बंद झालं. पुढे इमारत पाडली, मनोरा तेवढा ठेवला, जहाजांना खूण म्हणून. देव हलला, खलाशांची सोय राहिली. पांढरा मनोरा आजही वाळूतून मान वर काढून उभा आहे.

त्या वाळूसारखंच हटून बसलेलं काहीतरी निल्सनच्या संगीतातही आहे. त्याची पाचवी सिंफनी १९२२ ची. पहिल्यांदा ऐकताना मी हेडफोन काढून खिडकीत गेलो. वाटलं, गल्लीत पथकाचा सराव सुरू झाला. ताशासारखा वाजणारा तो ड्रम सिंफनीतलाच होता! वाजवणाऱ्याला निल्सनची सूचनाच आहे: ऑर्केस्ट्राला पुढे जाऊ द्यायचं नाही, मनाला येईल तसं वाजव. चौदाव्या वर्षी ओडेन्सच्या लष्करी बँडमध्ये भरती झालेल्या माणसालाच हे सुचावं. १९२४ मध्ये स्टॉकहोमला काही श्रोते उठून गेले. त्यांचा मला राग येत नाही.

ते उठले नसते तर त्यांना पहिल्या भागाचा शेवट ऐकू आला असता. सगळं शांत होत जातं, एकटी क्लॅरिनेट बोलत राहते. आणि लांब कुठेतरी तो ड्रम अजून थांबलेला नसतो.